'वर्ल्ड ॲट वॉर' पुन्हा खेळताय, तेही व्हेटरनवर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेयार्क कंपनीचा 'कॉल ऑफ ड्यूटी: वर्ल्ड ॲट वॉर' हा दुसऱ्या महायुद्धावरचा बंदूकबाजीचा व्हिडिओ गेम 2008 च्या नोव्हेंबरमध्ये आला. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, तरी त्याचं कॅम्पेन, म्हणजे मिशनांची सलग गोष्ट, पुन्हा लावणारे कमी झालेले नाहीत. एकदा रेग्युलर या साध्या पातळीवर संपवलेलं असतं, गोष्ट ठाऊक असते, आणि कधीतरी हात शिवशिवायला लागतात: आता व्हेटरन, म्हणजे सगळ्यात अवघड पातळी. पहिलं मिशन निभावतं. पॅसिफिकमधल्या पेलेलिऊ बेटावरच्या विमानतळापाशी पोचलं की प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेकांचे सारखेच असतात. गोष्टीतली वळणं आणि मृत्यू खाली उघडपणे लिहिलेत. गेम कधीच खेळला नसाल, तर आधी एकदा खेळून घ्या आणि मग हे वाचा.

व्हेटरनवर नेमकं काय बदलतं?

नकाशे तेच, संवाद तेच, शत्रू येतात त्या वाटाही त्याच. रिक्रूट, रेग्युलर, हार्डन्ड आणि व्हेटरन या चार पातळ्यांमध्ये मोठा फरक आहे तो तुमच्या सहनशक्तीचा. रेग्युलरवर उघड्या मैदानातून पळताना बऱ्याच गोळ्या लागल्या तरी आडोसा गाठता येतो. व्हेटरनवर दोन-तीन गोळ्यांत काम तमाम. पडदा लाल झाला की सगळं सोडून आड व्हायचं आणि तो पूर्ण निवळेपर्यंत डोकं वर काढायचं नाही. अर्धवट निवळला असताना बाहेर डोकावलात तर एक गोळी पुरते.

शत्रूचा नेमही चांगलाच सुधारतो. आणि ग्रेनेड येतात. त्यांच्यासाठी खाली वेगळा प्रश्न ठेवलाय, कारण तो विषय एका वाक्यात आटपणारा नाही.

रेग्युलरनंतर हार्डन्ड करू की थेट व्हेटरन?

थेट व्हेटरन. हार्डन्डवर रेग्युलरच्या सवयी थोड्या ओढाताणीने का होईना, चालून जातात, त्यामुळे नवीन काही शिकायची वेळच येत नाही. व्हेटरनवर त्या पहिल्या तासाभरातच मोडतात, आणि त्या मोडायलाच हव्या असतात.

एकाच जागी बसून कितीही मारले तरी शत्रू संपत नाहीत. गेममध्ये बिघाड आहे का?

बिघाड नाही, गेमची रचनाच तशी आहे. व्हेटरनवर अडकलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं घोडं इथेच अडलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या गेममध्ये बऱ्याच ठिकाणी शत्रूंची संख्या ठरलेली नसते. दहा मारा, तीस मारा, मागच्या दारातून किंवा खंदकाच्या वळणावरून नवे येतच राहतात. ते थांबतात ते तुम्ही पुढे सरकून एक न दिसणारी रेघ ओलांडता तेव्हा. ती ओलांडली की त्या तुकडीचा पुरवठा बंद होतो, तुमचे साथीदार पुढे येतात, आणि बहुतेकदा लगेच चेकपॉइंटही (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा) मिळतो. रेग्युलरवर हे कळतच नाही, कारण तिथे आपण बिनधास्त पुढे पळत असतो आणि रेघा नकळत पार होत जातात. व्हेटरनवर भीतीने माणूस एका भिंतीमागे ठाण मांडतो. नेम धरून एकेक टिपत बसणं सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात मात्र तिथे बसल्याने गोळ्या संपतात, ग्रेनेड अंगावर येतात आणि समोरची गर्दी होती तेवढीच राहते.

मग करायचं काय? पुढचा आडोसा आधी डोळ्यांनी हेरून ठेवायचा. चार-सहा पावलांवरचा, त्याहून लांबचा नको. समोरचे दोघं-तिघं पडले की त्यांची जागा घ्यायला नवे धावत येईपर्यंत काही क्षण मोकळे मिळतात. ते मोकळे क्षण रीलोड करण्यात घालवायचे नाहीत, पळण्यात घालवायचे. रीलोड नव्या आडोशाला टेकल्यावर. रेघ नक्की कुठे आहे हे गेम सांगत नाही, पण तुमचा म्होरक्या, म्हणजे अमेरिकन मिशनांत रोबक आणि सोव्हिएत मिशनांत रेझनॉव्ह, ओरडून जिकडे जायला सांगतो आणि साथीदार जिथे जायला धडपडत असतात, तिकडेच ती असते. म्हणून त्यांचं ओरडणं कानाआड करू नका. पहिल्यांदा खेळताना ती निव्वळ वातावरणनिर्मिती वाटते, व्हेटरनवर तीच वाट दाखवते.

मला व्हेटरन आवडतो तो याच कारणासाठी. तो नेमापेक्षा जमीन वाचायला शिकवतो. कुठली भिंत कुठल्या खिडकीतून दिसते, कुठल्या ढिगाऱ्यामागे वाकून बसलं की उजवीकडची मशीनगन झाकली जाते, हे पहिल्या फेरीत आपण बघितलेलंच नसतं.

ग्रेनेडचा पाऊस पडतो. त्यावर उपाय काय?

या गेमचा व्हेटरन बदनाम झाला तो याच्यामुळे, आणि ती बदनामी खरी आहे. एका जागी थोडा वेळ थांबलात की पायाशी एक ग्रेनेड येतो, कधी दोन, कधी तीन. पडद्यावर ग्रेनेडची खूण दिसते आणि बाण दिशा दाखवतो. एकच असेल आणि हाताच्या अंतरावर असेल तर उचलून परत फेका. दोन असतील तर उचलायच्या भानगडीत पडू नका, जागा सोडा.

म्हणून आडोसा निवडतानाच पळायची वाट बघून ठेवायची. तीन बाजूंनी बंद असलेला कोपरा गोळ्यांपासून उत्तम वाचवतो, पण ग्रेनेडसाठी तो सापळा आहे. कमरेएवढी भिंत आणि मागे मोकळी जागा हे सगळ्यात चांगलं. पालथं झोपणंही टाळा. झोपल्यावर गोळ्या कमी लागतात हे खरं, पण ग्रेनेड आला की उठून पळण्यात जाणारा वेळ जिवावर बेततो. गुडघ्यावर बसा.

एक गोष्ट कमी लोक करतात: आपले ग्रेनेड वापरणं. आपण ते जपून ठेवतो आणि ते खिशात असतानाच मरतो. ज्या खोलीत किंवा खंदकाच्या वळणावर शत्रू जमताहेत असं दिसतंय, तिथे ग्रेनेड टाकून स्फोटामागोमाग घुसायचं. मेलेल्या शत्रूंकडून ग्रेनेड परत मिळत राहतात.

जपानी सैनिक संगीन घेऊन अंगावर धावून येतात आणि एका फटक्यात मारतात. वाचायचं कसं?

पॅसिफिकमधल्या मिशनांत गवतातून, झाडांवरून, जमिनीतल्या झाकलेल्या खड्ड्यांतून माणसं निघतात. अशा बॅन्झाय हल्ल्याची, म्हणजे संगीन रोखून बेभान धावून येण्याची, आधी ओरड ऐकू येते, म्हणून हेडफोन लावूनच खेळा. ओरड ऐकली की पुढे जाणं थांबवून मागे सरकत गोळ्या झाडायच्या. सैनिक अंगाशी येऊन भिडलाच तर पडद्यावर हाताने वार करण्याची सूचना क्षणभर चमकते. त्याच क्षणी बटण दाबलं तर तुम्ही त्याला सुरा मारता. आधीपासून बटण बडवत राहून उपयोग होत नाही, तो क्षण साधावा लागतो.

दाट गवतात शिरण्यापूर्वी आत काही फैरी झाडून बघा. आगफेकी बंदूक हातात असेल तर उत्तमच. तिचं इंधन संपत नाही, फक्त सलग वापरली तर तापते आणि थंड होईपर्यंत थांबावं लागतं. 'बर्न एम आउट' या मिशनमध्ये ती मिळते, तेव्हा समोरचं गवत आणि माडांचे शेंडे आधी जाळून काढा, मगच पाऊल पुढे. स्नायपर शेंड्यांतच बसलेले असतात.

कोणती बंदूक घ्यावी?

सोव्हिएत मिशनांत पीपीएसएच ही सबमशीनगन. 71 गोळ्यांचं गोल मॅगझिन, गोळीबाराचा वेग प्रचंड, आणि बर्लिनच्या खोल्या-जिन्यांत अंतरं कमी. जोडीला लांब पल्ल्याची एखादी रायफल ठेवा. पॅसिफिकमध्ये थॉम्पसन किंवा बीएआर. बोल्ट ॲक्शन रायफली हातात घेऊन बरं वाटतं, पण प्रत्येक गोळीनंतर खटका ओढण्यात जाणारा वेळ व्हेटरनवर परवडत नाही. गोळ्या कमी पडल्या तर शत्रूची बंदूक उचला, आवडत्या बंदुकीशी लग्न लावू नका.

सगळ्यात अवघड मिशन कोणतं?

'हार्ट ऑफ द राइश'. यावर खेळणाऱ्यांमध्ये फारसं दुमत नाही.

सुरुवातीचा भाग त्रासदायक असला तरी ओळखीचा आहे. खरी परीक्षा राइशटागसमोरच्या, म्हणजे बर्लिनमधल्या जर्मन संसदेच्या इमारतीसमोरच्या, मोकळ्या मैदानात. खंदक, खड्डे, ढिगारे, आणि मध्ये जर्मन तोफा, ज्यांना स्फोटकं लावून उडवायचंय. गोळ्या तीन बाजूंनी येतात, आणि ग्रेनेड इतके की खूण पडद्यावरून जातच नाही. वर सांगितलेलं सगळं इथे एकदम लागू होतं: शत्रू संपणार नाहीत, बसाल तिथे ग्रेनेड येतील, आणि पुढे गेल्याशिवाय सुटका नाही.

मी मैदानाच्या मधोमध कधी जात नाही, कडेकडेने जातो. कडेला असलं की गोळ्या निदान एका बाजूने तरी बंद होतात. खंदकात उतरल्यावर वळणावर थांबायचं, पुढच्या सरळ भागात एक ग्रेनेड टाकायचा, स्फोट झाला की पीपीएसएचने उरलेले उडवायचे आणि थेट पुढच्या वळणापर्यंत पळायचं. तिथे टेकून श्वास घ्यायचा. तोफेजवळ पोचलात की आजूबाजूला कोण उरलंय हे बघत बसू नका. स्फोटकं लावा आणि आल्या वाटेने मागे पळा. स्फोटानंतर बहुधा चेकपॉइंट मिळतो, आणि एकदा तो मिळाला की मागची तोफ परत करावी लागत नाही, हे लक्षात ठेवून प्रत्येक तोफ हे वेगळं मिशन आहे असं समजा. पुढच्या तोफेची चिंता आधीच केली की हात घाईला येतात.

त्याखालोखाल 'रिलेंटलेस' आणि 'ब्रेकिंग पॉइंट'. 'ब्लॅक कॅट्स'मध्ये तुम्ही उडत्या बोटीच्या तोफांवर असता आणि 'ब्लड अँड आयर्न'मध्ये रणगाड्यात, त्यामुळे ही दोन्ही विश्रांतीची मिशनं आहेत.

'व्हेंडेटा'मधला स्नायपर मला दर वेळी आधीच टिपतो.

स्टालिनग्राडच्या कारंज्यात प्रेतांमध्ये पडून सुरू होणारं हे मिशन पूर्ण गेममधलं सर्वात देखणं, आणि व्हेटरनवर ते खुलतं. रेझनॉव्हचा हात जायबंदी आहे, म्हणून तो रायफल दिमित्रीला, म्हणजे तुम्हाला, देतो. पहिल्या गस्तीला मारताना त्याचं नीट ऐका: डोक्यावरून विमानं जाताना गोळी झाडायची, म्हणजे आवाज बुडतो. पुढे स्नायपरशी गाठ पडते तेव्हा खिडक्या शोधत दुर्बीण फिरवत बसू नका. दुर्बिणीतून फार थोडं दिसतं. आधी साध्या डोळ्यांनी समोरची अख्खी इमारत बघा, रेझनॉव्ह त्याला गोळी झाडायला लावेल तेव्हा चमक कुठून आली ते टिपा, आणि मगच दुर्बिणीला डोळा लावा. गोळी झाडल्यावर त्याच जागी थांबू नका.

'ब्रेकिंग पॉइंट'मध्ये रोबकला वाचवू की पोलोन्स्कीला?

शरण आल्याचं नाटक करून दोन जपानी सैनिक तुमच्या या दोन साथीदारांना धरतात आणि तुम्हाला एकालाच वाचवता येतं. पुढच्या लढाईच्या दृष्टीने फरक पडत नाही, फक्त शेवटी कोण बोलतं ते बदलतं. पहिल्या फेरीत ज्याला वाचवलं असेल त्याला या वेळी सोडून बघा. बहुतेक जण पहिल्यांदा रोबकला वाचवतात, कारण तो पहिल्या मिशनपासून सोबत आहे. पोलोन्स्की उरला की शेवट जास्त कडवट होतो, आणि मला तो जास्त खरा वाटतो.

त्यानंतरच्या अंगणातल्या लढाईत तोफेचे उखळी गोळे हाताने उचलून फेकता येतात. ते पडलेले दिसले की सोडू नका.

चेर्नोव्हच्या डायरीत माझ्याबद्दल वेगळंच लिहिलं होतं, असं मित्र म्हणतो. खरं आहे का?

खरं आहे, आणि पुन्हा खेळण्यासाठी हे सर्वात चांगलं कारण आहे. रेझनॉव्हला सूड हवाय. जखमी किंवा शरण आलेले जर्मन समोर असतात तेव्हा तो तुम्हाला मारायला सांगतो, आणि शेजारी उभा असलेला चेर्नोव्ह, तुमचाच एक सोव्हिएत साथीदार, अस्वस्थ होतो. तुम्ही त्या प्रसंगांत काय केलंत ते गेम लक्षात ठेवतो. 'डाउनफॉल' हे शेवटचं मिशन सुरू होताना रेझनॉव्ह मेलेल्या चेर्नोव्हची डायरी वाचतो, आणि त्यातलं दिमित्रीचं वर्णन तुमच्या वागण्याप्रमाणे बदलतं: दयाळू, क्रूर, किंवा मधलं काहीतरी.

व्हेटरनवर याला धार येते. तासन्‌तास त्याच माणसांनी तुम्हाला मारलेलं असतं, बोट रागाने ट्रिगरवर असतं, आणि तेवढ्यात समोरचा हात वर करतो.

गेम इतिहासाला कितपत धरून आहे?

पात्रं काल्पनिक, ठिकाणं खरी. मेकिन बेटावर अमेरिकन मरीनांनी 17 आणि 18 ऑगस्ट 1942 ला दोन पाणबुड्यांतून जाऊन छापा घातला होता. मागे राहिलेल्या नऊ मरीनांना जपान्यांनी पकडून पुढे ठार केलं. गेममध्ये तुम्ही ज्या मरीनच्या रूपात खेळता त्या मिलरची सुटका होते, त्या नऊ जणांची झाली नाही.

पेलेलिऊवर मरीन उतरले 15 सप्टेंबर 1944 ला. त्यांचे सेनापती जनरल रुपर्टस यांना मोहीम काही दिवसांत आटपेल असं वाटत होतं. ती नोव्हेंबरअखेरपर्यंत चालली, कारण जपानी किनाऱ्यावर छाती काढून लढायचं सोडून डोंगरातल्या गुहांमध्ये शिरले होते. गेममध्ये तुम्ही एकेक बंकर जाळत पुढे जाता ते याचमुळे. ओकिनावाच्या शुरी किल्ल्याखालच्या भुयारांत खरोखरच जपानी सैन्याचं मुख्यालय होतं. 1945 च्या लढाईत किल्ला जमीनदोस्त झाला, 1992 मध्ये मुख्य दालन पुन्हा उभं राहिलं, आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये आगीत ते परत जळालं.

राइशटागवर सोव्हिएत झेंडा पहिल्यांदा 30 एप्रिल 1945 च्या रात्री लागला. येव्गेनी खाल्देई यांचा जगप्रसिद्ध फोटो 2 मे चा आहे. 'डाउनफॉल'चा शेवटचा प्रसंग त्या फोटोची आठवण मनात ठेवूनच रचलाय हे उघड आहे.

यात भारतीय सैनिक आहेत का?

कॅम्पेनमध्ये नाहीत. ते फक्त अमेरिकन सैन्याचं (मरीन आणि नौदल) आणि सोव्हिएत लाल सेनेचं आहे. ही उणीव मला सलते, कारण त्याच युद्धात मराठी माणसं इटलीत लढत होती.

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या खोऱ्यात आपल्या सेक्शनसह मशीनगनच्या माऱ्यात सापडले. सोबतचे सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली. मॅगझिन रिकामं झालं आणि बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. तिथेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय 22. नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीकाठी लढले. दोन जखमी साथीदारांना त्यांनी गोळीबारातून उचलून आणलं, आणि हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालेना तेव्हा ग्रेनेडने मशीनगनचे मोर्चे गप्प केले. मग बांधावर चढून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना दिली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर.

रिकामं मॅगझिन, बदलायला वेळ नाही, समोर दोन माणसं. व्हेटरनवर हा क्षण आपल्यावर पुन्हा पुन्हा येतो, आणि आपण चेकपॉइंटवर परत उभे राहतो. घाडग्यांचं स्मारक माणगावला आहे. कोकणात जाताना मुंबई-गोवा रस्त्यावरून तसेच पुढे निघून जाऊ नका, थांबून बघा.

मित्रांबरोबर मिळून व्हेटरन खेळता येतं का?

येतं. चार जणांपर्यंत को-ऑप आहे. पडलेल्या साथीदाराला उठवता येतं, त्यामुळे प्रत्येक मरण चेकपॉइंटवर नेत नाही. पण पहिली व्हेटरन फेरी एकट्यानेच करा, असं माझं ठाम मत आहे. चौघांच्या गडबडीत जमीन वाचायला वेळ मिळत नाही.

डेथ कार्ड म्हणजे काय आणि ती शोधावीत का?

मिशनांमध्ये लपवलेले 13 पत्ते. जमिनीत रोवलेली रायफल आणि तिच्यावर हेल्मेट अशी खूण दिसली की जवळ जा. को-ऑपसाठी गमतीदार बदल त्यांनी उघडतात. शोधायचेच तर रेग्युलरवर शोधा. व्हेटरनवर आडवाटेला जाणं महागात पडतं.

एका चेकपॉइंटवर पुरता अडकलोय. मिशन पहिल्यापासून सुरू करू का?

चेकपॉइंटवर उभं राहताच जवळ गोळ्याच नसतील, तर हो. बाकी वेळी नाही. त्याऐवजी एक फेरी जिंकायचा प्रयत्न न करता खेळा: फक्त शत्रू कुठून निघतात, मशीनगन कुठे आहे, साथीदार कुठल्या बाजूने जातात ते बघा आणि मरा. मग वाट बदला. अडकलेला माणूस जवळजवळ नेहमी तीच वाट पुन्हा पुन्हा घेत असतो. डावीकडून जमत नसेल तर उजवीकडून जा, वरच्या मजल्यावरून जमत नसेल तर खालून. त्यानेही होत नसेल तर गेम बंद करून झोपा. सकाळी ताज्या हाताने तेच ठिकाण पहिल्या एक-दोन प्रयत्नांत सुटतं, असा अनेकांचा अनुभव आहे.

घरातल्या शाळकरी मुलांनी खेळावा का?

नाही. युरोपात याला 18 वर्षांवरील असं प्रमाणपत्र आहे, आणि ते योग्यच आहे. माणसं जळताना दिसतात, हातपाय तुटतात, आणि मिशनांच्या मधे युद्धकाळातलं खरं चित्रीकरण येतं. तुम्ही खेळत असताना लहान मूल मागे उभं नाही ना, हेही बघा.

संपल्यावर पुढे काय?

कॅम्पेन संपवलं असेल तर 'नाख्ट देर उंटोटेन' हा झोम्बींचा नकाशा तुमच्याकडे आधीच उघडलेला असेल. नंतर आलेले 'फेररुक्ट', 'शी नो नुमा' आणि 'देर रीझ' हे नकाशेही तितकेच खेळण्यासारखे आहेत. पण व्हेटरननंतर लगेच काही करायचं असेल, तर 'सेम्पर फाय' हे पहिलं मिशन पुन्हा रेग्युलरवर लावा. मेकिनच्या त्या रात्री झोपड्या जळत असतात, आणि या वेळी तुम्हाला आजूबाजूला बघायला भरपूर वेळ असतो.